पहिल्याच दिवशी कळसूबाई: नऊ माणसं, दोन गाड्या आणि एका सॅकमधल्या दोन चाव्या

गेल्या डिसेंबरात नाताळच्या सुट्टीत आम्ही घरचे सगळे चार दिवस भंडारदऱ्याला गेलो आणि सुट्टीची सुरुवातच कळसूबाई चढून केली. फोटो बघून बऱ्याच जणांनी विचारलं की कसं काय जमवलं, आम्हाला पण असंच करायचंय, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतोय. फोटो सगळे शिखरावरचे आहेत हे लक्षात घ्या, उतरताना कोणी फोन खिशातून बाहेरसुद्धा काढला नव्हता.

आधी माणसं सांगतो, कारण सगळी गडबड तिथूनच सुरू होते. मी, बायको, मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ वर्षांचा, आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला बावीस मजली बिल्डिंगमध्ये राहतो. आई-अप्पा नौपाड्यात जुन्या घरातच आहेत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. आई ६४, अप्पा ६९. ताई, भावोजी आणि एकोणीस वर्षांचा भाचा नेरुळचे. म्हणजे नऊ माणसं, दोन गाड्या.

आता यातलं फिट कोण यावर आमच्या घरात कधी चर्चाच झाली नव्हती कारण ते ठरलेलंच होतं. अप्पा फिट. रोज पहाटे कचराळी तलावाला पंधरा फेऱ्या, पायात पांढरे शूज, हातात घड्याळ, आल्यावर सगळ्यांना स्टेप्सचा आकडा सांगणार. आई फिट नाही, तिचे गुडघे कुरकुरतात, ती फिरायला जात नाही, विचारलं की म्हणते मला वेळ कुठाय. मी जिमला जातो (आठवड्यातून दोनदा, खरं सांगायचं तर दीडदा), ट्रेडमिलवर चालतो. मुलं तर काय, मुलंच. त्यामुळे प्लॅन असा होता की आई पायथ्याच्या बारी गावातच थांबेल, पहिल्या देवळापाशी सावलीत बसेल, आणि बाकीचे आठ जण वर जाऊन येऊ. आईला कोणी विचारलं नव्हतं, तिनेही काही म्हटलं नव्हतं.

पहिलाच दिवस का

यामागे डोकं लावलं होतं, अगदीच येडेपणा नव्हता. हॉटेलचं चेकइन दुपारी एकला, मग सकाळ फुकट घालवण्यापेक्षा पहाटे चारला ठाण्याहून निघायचं, सातला बारी, साडेदहापर्यंत शिखर, एक वाजता खाली, डबा खायचा, तिथून अर्ध्या तासावर भंडारदरा, गरम पाण्याने आंघोळ, झोप. पहिल्या दिवशी सगळे ताजेतवाने असतात, नंतरचे तीन दिवस आरामात रतनवाडी, रंधा धबधबा, धरणाची भिंत, जमलं तर साम्रदला जाऊन सांदण दरीत डोकावून यायचं. वर शेवटच्या दिवशी ट्रेक ठेवला तर उतरून थकलेल्या अंगाने ठाण्यापर्यंत गाडी कोण चालवणार हा प्रश्न होताच, आणि तो मला अजूनही रास्त वाटतो.

वेळेचा हिशोबसुद्धा केला होता. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला होता, सपाटीला तासाला पाच किलोमीटर धरा आणि प्रत्येक सहाशे मीटर चढाला एक तास वाढवा. कळसूबाई १६४६ मीटर, बारीपासून चढ जवळपास नऊशे मीटर, म्हणजे दीड तास चढाचा, चालायचं अंतर वळणंबिळणं धरून पाच-सहा किलोमीटर पकडलं तर अजून तासभर. अडीच-पावणेतीन तास. मी उदारपणे साडेतीन धरले आणि स्वतःवर खूश झालो. हा नियम न थांबता चालणाऱ्या सवयीच्या माणसासाठी आहे, त्यात आठ वर्षांचं पोर दर दहा मिनिटांनी दगडावर बसून 'अजून किती' विचारतं याला जागा नाही, वाटेतल्या लोखंडी शिड्यांपाशी लागणाऱ्या रांगेला पण नाही.

आणि नऊशे मीटर म्हणजे किती हे मला घरी परत आल्यावर कळलं. एक मजला तीन मीटर धरला तर आमची बिल्डिंग ६६ मीटर. म्हणजे लिफ्ट सोडून तळापासून गच्चीपर्यंत साडेतेरा वेळा. आणि मग तेवढंच खाली. निघायच्या आधी हा गुणाकार केला असता तर बायकोने गाडीतच बसायला नकार दिला असता.

प्रत्यक्षात

आदल्या रात्री भावोजींना ऑफिसमधून यायला साडेदहा वाजले, आमच्याकडे पॅकिंग साडेबारापर्यंत चाललं, मला झोप मिळाली तीन तास. चारला निघायचं ते माजिवड्याला दोन्ही गाड्या एकत्र आल्या तेव्हा पावणेसहा झाले होते. मग वेळ भरून काढायला समृद्धी महामार्गाने गेलो. आमणे ते इगतपुरी हा शेवटचा तुकडा २०२५ च्या जूनमध्ये सुरू झाला, तेव्हापासून कसारा घाट टाळून बोगद्यातून थेट इगतपुरीला निघता येतं, रस्ता एकदम भारी, प्रश्नच नाही. पण आम्ही पंचवीस वर्षं जुन्या हायवेने जाणारी माणसं, आमचा नाश्ता शहापूरच्या पुढे ठरलेला असतो, वडा-उसळ आणि दोन-दोन कटिंग. समृद्धीवर तसं काही लागलं नाही आणि 'पुढे बघू पुढे बघू' करत घोटीत आलो, तिथे मी म्हटलं आता उशीर होतोय, बारीतच खाऊ. बारीत चहा आणि बिस्किटं मिळाली. म्हणजे तीन तासांच्या झोपेवर आणि चार बिस्किटांवर आम्ही महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर चढायला निघालो, तेही सकाळी ८.५० ला, ऊन वर आल्यावर.

निघताना आई म्हणाली, मी थोडं वरपर्यंत येते, बसून काय करू. तिने चपला काढून कॅनव्हासचे शूज घातले, गावातल्या एका पोराकडून वीस रुपयांना काठी घेतली आणि आमच्या मागून निघाली.

पहिला अर्धा तास शेतातून आणि झाडीतून मजेत गेला. मग चढ लागला आणि माणसं आपोआप सुटी सुटी झाली. भाचा आणि माझी मुलगी पुढे, इतके पुढे की दिसेनात. त्यांच्या मागे भावोजी, 'पोरांवर लक्ष ठेवतो' म्हणून. मग ताई, मग मी आणि मुलगा, मग बायको, आणि सगळ्यात मागे अप्पा दर वळणावर कंबरेवर हात ठेवून 'व्ह्यू' बघत. दमलोय म्हणणार नाहीत, व्ह्यू बघतोय म्हणणार. आई कुठे होती? आई माझ्या पुढे होती. मला ते कळलंच नाही, मी आपला मागे वळून वळून तिला शोधत होतो आणि ती वरच्या दगडावर बसून मला म्हणते, अरे इकडे आहे मी, पाणी पितोस का.

ती बोलत नव्हती, थांबत नव्हती, पावलं छोटी छोटी. लहान पाऊल, काठी, लहान पाऊल. नंतर विचार केला तेव्हा लक्षात आलं, ही बाई चाळीस वर्षं तिसऱ्या मजल्यावर राहतेय, गावदेवी मार्केटमधून भाजी घेऊन दोन्ही हातात पिशव्या, दिवसातून तीन-चार वेळा वर-खाली. अप्पा सकाळी एकदा उतरतात, सपाटीवर पंधरा फेऱ्या मारतात आणि एकदा चढतात, पेपरवाला दूधवाला सगळं आई बघते. म्हणजे आमच्या घरात चढ-उताराची खरी प्रॅक्टिस फक्त एका माणसाची होती आणि त्यालाच आम्ही खाली बसवणार होतो.

शिड्यांपाशी रांग. नाताळचा आठवडा, कॉलेजच्या पोरांचे ग्रुप, स्पीकर, सेल्फी, त्यात माकडं. पहिल्या शिडीलाच पंचवीस मिनिटं गेली. त्या लोखंडी शिड्या फार अवघड नाहीत, दोन्ही बाजूंना धरायला आहे, पण वरून उतरणारे आणि खालून चढणारे एकाच वेळी आले की कोणीतरी अडून बसतंच.

बूट

शिडी चढून वर आलो, अजून थोडं पुढे गेलो आणि अप्पांचा आवाज आला, 'अरे हे काय झालं बघ.' त्यांच्या उजव्या बुटाचा सोल पुढून सुटला होता, चालताना मगरीसारखं तोंड उघडत होता. हे कचराळीचे पांढरे शूज नव्हेत, हे खास ट्रेकिंगचे, नऊ-दहा वर्षांपूर्वी मीच त्यांना हिमाचलच्या ट्रिपसाठी घेऊन दिलेले, दोनदा घालून माळ्यावर ठेवलेले. दिसायला कोरे करकरीत. मी सोल हातात धरला तर मधला फोम बोटांना लागून चक्क भुगा होत होता, शिळ्या केकसारखा.

याच्यामागचं कारण मी आल्यावर शोधलं आणि हे सगळ्यांना माहीत पाहिजे असं मला वाटतं. असल्या बऱ्याच बुटांचा मधला थर पॉलीयुरेथेनचा असतो. हवेतली दमट वाफ त्या फोमात शिरते आणि त्याची रासायनिक बांधणी हळूहळू तोडत राहते, बूट वापरा नाहीतर नका वापरू. उलट नुसते ठेवून दिलेले बूट लवकर जातात कारण चालताना दाब पडून आतली ओल थोडी बाहेर पडते, माळ्यावर तेही होत नाही. ठाण्याचा चार महिन्यांचा पावसाळा, बुटाला प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेली, असे नऊ पावसाळे, वाट लागणारच. आणि यावर गोंद लावून उपयोग नाही, चिकटवणार कशाला, खाली फोमच उरलेला नसतो. घरून निघायच्या आठवडाभर आधी अंगठ्याने सोलची बाजू जोरात दाबून बघा, बारीक भेगा दिसल्या किंवा पीठ पडलं तर तो बूट कचऱ्यात. एवढंच करायचं होतं.

तिथे जवळच लिंबू सरबताची झोपडी होती. तिथल्या मावशींनी काही न बोलता आतून सुतळी काढली, बुटाच्या पुढच्या भागाला आणि टाचेला असे दोन फेरे घातले, गाठी वरच्या बाजूला घेतल्या, खाली आली तर घासून तुटेल म्हणाल्या. आठवड्यात दोन-तीन तरी बूट असे बांधते म्हणे. मग अप्पांना बसवून सरबत दिलं आणि कळसूची गोष्ट सांगितली, की ही पोर कोणाच्या तरी घरी कामाला राहिली ती अट घालूनच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही, आणि एक दिवस मालकाने तेच काम लावलं तेव्हा करून टाकलं आणि तडक डोंगरावर निघून गेली, परत आलीच नाही. बायको म्हणाली, मला आधी सांगायचं ना, मी पळत चढले असते.

इथे खरा निर्णय घ्यायचा होता आणि तो मी घाईत घेतला. ११.५० झाले होते. अप्पा पुढे जाणार नाहीत हे नक्की, सुतळीवर कसं जाणार. त्यांना उतरताना सोबत लागणार. बायकोचा गुडघा आधीच बोलायला लागला होता म्हणून ती थांबली. आणि आई म्हणाली, मी पण जाते यांच्याबरोबर खाली. मी 'बरं' म्हटलं आणि मुलाचा हात धरून वर निघालो. तिला तू वर चल, मी थांबतो असं म्हणायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. ती त्या झोपडीपर्यंत माझ्या आधी पोचली होती, तिचा श्वास पण लागला नव्हता, आणि ती खाली गेली. मी मात्र शेवटच्या शिडीवर दोनदा मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

वर पोचलो १.२५ ला. देऊळ एवढंसं, दोन-तीन माणसं मावतील जेमतेम. हवा स्वच्छ होती, अलंग-मदन-कुलंग समोर, खाली भंडारदऱ्याचं पाणी, लांब रतनगड. मुलीचे आणि भाच्याचे तोपर्यंत शंभर फोटो काढून झाले होते आणि ते थंडी वाजतेय म्हणून कुरकुर करत होते. साहजिक आहे, हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं, वर वारा, अंगातला टीशर्ट घामाने ओला आणि जॅकेटं सगळी गाडीत.

गाडी म्हटल्यावर भाच्याने सॅक पुढे घेतली आणि म्हणाला, मामा, दोन्ही चाव्या माझ्याकडे आहेत हं, सेफ आहेत. मी सकाळी स्वतःच दिल्या होत्या, एकाच जागी असल्या की हरवत नाहीत म्हणून. आता अप्पा, आई आणि बायको खाली जात होते, दोन्ही गाड्या बंद, थालीपीठं, दही, जॅकेटं आत, आणि अप्पांची जेवणानंतरची शुगरची गोळी पण आतच, डॅशबोर्डच्या खणात. फोन लावला, रेंज नाही.

उतार

चढताना माणूस दमतो, उतरताना मोडतो. चढताना मांडीचा स्नायू आखडून जोर लावतो, ते त्याला जमतं. उतरताना तोच स्नायू ताणला जात असतानाच ब्रेक मारत असतो, प्रत्येक पावलाला, हजारो वेळा, आणि त्यात त्याचे बारीक धागे दुखावतात. त्या वेळी फक्त पाय लटपटतात, खरं दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि एक ते तीन दिवसांमध्ये शिगेला पोचतं. सपाटीवर कितीही फेऱ्या मारा, ट्रेडमिल कितीही चढाला लावा, या ब्रेकची सवय त्याने होत नाही. जिन्याने उतरलं की होते. आणि गंमत म्हणजे आठ-पंधरा दिवस आधी एक-दोनदा थोडंसं उतरून पाय दुखवून घेतले तरी पुढच्या वेळी तेच स्नायू बऱ्यापैकी वाचतात. आमच्या बिल्डिंगमध्ये बावीस मजले आहेत आणि मी ते एकदाही उतरलो नव्हतो, लिफ्ट बंद असली तर मी गार्डवर चिडतो.

मुलाच्या बोटांची नखं वाढलेली होती, उतरताना बोटं बुटाच्या पुढच्या भागावर आपटून आपटून त्याने रडायला सुरुवात केली, संध्याकाळी बघितलं तर दोन्ही अंगठ्यांची नखं जांभळी. ताईच्या पोटरीत गोळा आला. तिच्याकडे ओआरएस होतं, तिने अख्खं पाकीट अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं, जास्त स्ट्राँग होईल म्हणून. ते एक लिटरचं पाकीट असतं बाबांनो, एका लिटरमध्येच टाकायचं, दाट केलं तर फायदा राहिला बाजूला, पोट बिघडू शकतं. भावोजींनी अजून अर्धा लिटर पाणी शोधून दोन बाटल्यांत वाटून दिलं.

२ ला निघालो, खाली पोचायला ५.१० वाजले. सूर्य सहाच्या आसपास मावळतो तिथे त्या दिवसांत. म्हणजे अजून तासभर उशीर झाला असता, नाहीतर कोणाचा पाय मुरगळला असता तर आठ वर्षांच्या पोराला घेऊन अंधारात शिड्यांपाशी. टॉर्च होते. गाडीत.

खालची मंडळी पावणेतीनलाच पोचली होती. एका घरी सांगून पिठलं-भाकरी खाल्ली होती गरमागरम, म्हणजे उपाशी आम्ही होतो, पण ओरडा आम्हालाच बसला, आणि बरोबर बसला. अप्पांची गोळी तीन तास उशिरा गेली, काही झालं नाही, पण काही होऊ शकलं असतं. आईने काही म्हटलं नाही, फक्त विचारलं, देवळात गर्दी होती का रे.

नंतरचे तीन दिवस

दुसऱ्या दिवशी कोणी उठलंच नाही. आमच्या खोल्या पहिल्या मजल्यावर होत्या, जेवायची जागा खाली, तेरा पायऱ्या. त्या तेरा पायऱ्या आम्ही कठड्याला दोन्ही हातांनी धरून उलटं तोंड करून उतरत होतो, बाकीचे गेस्ट बघत होते. भावोजींच्या खोलीत इंडियन टॉयलेट निघालं, त्यावर मी जास्त लिहीत नाही, एवढंच सांगतो की दरवाजाची कडी धरून उठता येतं हे त्यांनी शोधून काढलं. सांदण रद्द, रंधा रद्द. तिसऱ्या दिवशी दुपारी कसेबसे गाडीने रतनवाडीला गेलो, अमृतेश्वराचं देऊळ बघितलं, कोरीवकाम अप्रतिम आहे, आम्ही ते बसून बघितलं. चौथ्या दिवशी परत. चार दिवसांच्या सुट्टीतले पावणेतीन दिवस एका डोंगराने खाल्ले.

आई दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला एकटी धरणाच्या बाजूला फिरून आली होती.

मग पहिल्या दिवशी ट्रेक करायचा की नाही

बायकोचं म्हणणं शेवटच्या दिवशी ठेवा, म्हणजे सुट्टी नीट होते आणि पाय दुखायचे ते ऑफिसात दुखू दे. ताईचं म्हणणं ट्रेकच नको. मला अजूनही पहिलाच दिवस बरोबर वाटतो, हट्टाने नाही, कारणं आहेत. ट्रेकनंतर मला फक्त अर्धा तास गाडी चालवायची होती तरी डोळे मिटत होते, तीन-चार तास चालवायची असती तर मी हे लिहायला असतो की नाही देव जाणे. शिवाय हवा बिघडली, कोणी आजारी पडलं तर पुढचे दिवस हातात असतात. चूक दिवसाची नव्हती. आम्ही पहिला दिवस म्हणालो खरं, पण तो ठाण्याहून निघायचा दिवस होता, आणि प्रवासाचा दिवस व ट्रेकचा दिवस एकच केला की झोप, नाश्ता आणि सकाळचं ऊन तिन्हीकडे एकदम मार खातो. आदल्या संध्याकाळी निघून बारीत किंवा भंडारदऱ्यात झोपलो असतो आणि सहाला चढायला लागलो असतो तर शिड्यांवर रांग लागायच्या आधी वर असतो.

दुसरं म्हणजे परत फिरायची वेळ. आम्ही शिखर गाठायची वेळ ठरवली होती, कितीही वर असलो तरी मागे वळायची वेळ ठरवली नव्हती. साडेअकरा म्हटलं असतं तर मी त्या झोपडीतूनच उतरलो असतो, जळफळत, पण सगळे एकत्र, सगळ्यांकडे चावी, आणि मुलाची नखं शाबूत.

आणि डोंगर. नऊ माणसांत सगळ्यात कमी उतरू शकणारा माणूस दुसऱ्या दिवशी पण चालता राहील एवढाच डोंगर पहिल्या दिवशी, बास. फक्त तो माणूस कोण हे अंदाजाने ठरवायचं नाही, आम्ही ठरवलं आणि बरोबर उलटं ठरवलं.

जानेवारीच्या शेवटी नागावला दोन दिवस गेलो, तेव्हा हे सगळं वापरून बघितलं. आदल्या रात्री सगळे ताईकडे नेरुळला झोपलो. सकाळी पनवेलच्या पुढे हायवेलाच लागून कर्नाळा, पक्ष्यांचं अभयारण्य आणि वर किल्ला आहे, कळसूबाईच्या निम्म्याहून कमी चढ, वाट बरीचशी झाडीतून. पोहे खाऊन सव्वासातला गेटवर. साडेनऊला जिथे असू तिथून मागे वळायचं असं मुलीने सगळ्यांकडून वदवून घेतलं. त्याआधी दोन रविवार मी आणि मुलं बिल्डिंगचे बावीस मजले उतरलो, पहिल्या रविवारनंतर दोन दिवस बोंबललो, दुसऱ्या रविवारनंतर काही नाही. अप्पांनी नवे बूट घेतले आणि स्वतःच जाहीर केलं की मी खाली पक्षी बघणार, व्ह्यूबिव्ह्यू तुम्ही बघा. अर्धा तास एका हळद्यामागे मान वर करून फिरले, खूश होते.

किल्ल्यावर तो अंगठ्यासारखा सुळका आहे, त्याच्या पायथ्याशी मी पोचलो तेव्हा आई टाक्याजवळ बसली होती आणि मुलगा तिच्या डब्यातली गूळपोळी खात होता. सुळक्यावर मधमाश्यांची पोळी असतात, तिथे आरडाओरडा करायचा नाही हे मी सांगायच्या आत तीच एका ग्रुपला दटावत होती. ९.२० झाले होते. पावणेअकराला सगळे खाली, दुपारी नागावला जेवलो, संध्याकाळी समुद्रावर मुलगा पळत होता आणि मी त्याच्या मागे पळू शकत होतो.

रात्री जेवताना आईने विचारलं, कळसूबाईला परत कधी जायचं? मी म्हटलं सगळ्यांना विचारून बघतो. म्हणाली, सगळ्यांना कशाला, यांना तर मुळीच नको. अप्पा सोलकढी पीत होते, काही बोलले नाहीत. ऊन वाढायच्या आत, मार्चच्या पहिल्या आठवड्यात मधला वार बघतोय, गर्दी नको म्हणून. आदल्या रात्री बारीत राहायचं त्या पिठलं-भाकरीवाल्या घरी फोन करून बोलून ठेवलंय. आई, ताई आणि मी, तिघंच. चावी आईकडे.